डोमेन रिसेलर झालो, पण 'नाव शिल्लक आहे का' इथेच अडकलो

"भाऊ, नाव भेटून जाईल ना?" सावद्याचे केळीवाले असोत की धुळ्याचा दुकानदार, वेबसाइटच्या नावाबद्दल, म्हणजे डोमेनबद्दल, पहिला प्रश्न हाच. दर वेळी दुसऱ्याच्या साइटवर शोधून सांगण्यापेक्षा स्वतःच विकू, म्हणून जळगावात बसून रिसेलर खातं (रजिस्ट्रार कंपनीकडून डोमेन घेऊन पुढे विकायचं) काढलं आणि डब्ल्यूएचएमसीएस हे ऑर्डर-बिलाचं सॉफ्टवेअर टाकलं. केवायसी, वॉलेट, भाव भरणं, सगळं सरळ झालं. फक्त को डॉट इनचा भाव वेगळा भरावा लागतो, डॉट इनसोबत तो आपोआप येत नाही.

रखडलं ते शोधात. नाव टाकलं की चक्र फिरायचं, फिरतच राहायचं, मग "तपासता आले नाही". सर्व्हरवाल्यांच्या सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, "कॅशे साफ करून बघा." केली. दुसरा विचारतो, "ब्राउझर कोणता?" अरे बाबा, नाव माझा ब्राउझर नाही शोधत, तुमचा सर्व्हर शोधतोय! शिफ्ट बदलली की नवा माणूस, पुन्हा स्क्रीनशॉट, पुन्हा कॅशे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "सर, आमच्याकडून सगळं ओके आहे."

वैतागून एसएसएचने (दुरून कमांड द्यायची सोय) सर्व्हरवर शिरलो आणि डॉट कॉमच्या हूइज सर्व्हरला, म्हणजे नाव घेतलेलं आहे का ते सांगणाऱ्या सेवेला, पोर्ट ४३ या तिच्या ठरलेल्या दारावर टेलनेट केलं, जोडलं जातं का बघायला. 'ट्राइंग' एवढं उमटलं आणि कर्सर नुसता लुकलुकत बसला. घरच्या ब्रॉडबँडवरून तीच कमांड दिली, तर झटक्यात जोडलं गेलं. म्हणजे सर्व्हरवरून बाहेर जाणारं पोर्ट ४३ च बंद! दोन्ही आउटपुट तिकिटात चिकटवले, तेव्हा कुठे वरचा माणूस बोलला: "शेअर्ड सर्व्हरवर ते सुरक्षेसाठी बंदच असतं." हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं?

पोर्ट उघडून घ्यायच्या भानगडीत मी पडलो नाही. हूइजचे दिवस तसेही भरलेत. डॉट कॉमसारख्या जेनेरिक एक्स्टेन्शनवर हूइज चालवायची आयकॅनची (डोमेनचे नियम ठरवणारी संस्था) सक्ती २८ जानेवारी २०२५ ला संपली. त्याची जागा घेणारं आरडीएपी एचटीटीपीएसवरून, म्हणजे साध्या वेबसाइटसारखंच चालतं, त्याला पोर्ट ४३ लागत नाही. मी नाव शोधायला सरळ रजिस्ट्रारचाच एपीआय (सॉफ्टवेअरने थेट विचारायची सोय) लावला. तिथे सर्व्हरचा आयपी पत्ता व्हाइटलिस्ट करावा, म्हणजे परवानगीच्या यादीत घालावा लागतो. सर्व्हर आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा पत्ता) वरून बाहेर पडत असेल तर जुन्या प्रकारचा आयपीव्ही४ टाकून काही होत नाही, तेवढं आधी बघा.

सुरू झालं की गूगल डॉट कॉम टाका, ते घेतलेलं दिसलं पाहिजे. मग कीबोर्डवर काहीही बडवा, ते शिल्लक दिसलं पाहिजे. दोन्ही करायचंच. हूइजवाल्या पद्धतीत उत्तरातला 'नो मॅच' असा मजकूर जुळवून निकाल लागतो. रजिस्ट्रीने (डॉट कॉम, डॉट इनसारख्या एक्स्टेन्शनची मूळ नोंद ठेवणारी संस्था) शब्द बदलले की सगळी नावं घेतलेली दिसायला लागतात.

हो, भाव भरताना एक सांगायचं राहिलं. पहिल्या वर्षाचा आणि नूतनीकरणाचा दर वेगळा असतो, दोन्ही भरा. नाहीतर पुढच्या वर्षी फरक आपल्याच खिशातून. डॉट इनवर मालकाची माहिती झाकायची सोय विकू नका, तिथे ती चालत नाही. आणि प्रीमियम नावं दाखवायची नसतील तर बंद ठेवा. छोटं, सोपं नाव हिरवं, म्हणजे शिल्लक दिसतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि रजिस्ट्रीचा भाव नेहमीच्या कित्येक पट निघतो.