एकाच अर्जावर चार मॉडेलं चालवून बघताना

प्रबंधासाठी मी एक ऑनलाइन अर्ज घेतला होता. त्याबद्दलची तक्रार एका ओळीची: लोक अर्ज भरतात, पण तो पोहोचत नाही. पानाच्या तळाशी ‘जतन करा’ आणि ‘सादर करा’ अशी दोन बटणं होती आणि बरेच जण पहिलं दाबून निघून जात. माणसाला इंटरफेस कसा उमगतो हे सांगणारी मॉडेलं ढीगभर आहेत. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, नुसतं वाचून तुलना करू नकोस, सगळी याच अर्जावर चालवून बघ.

सुरुवात केएलएमपासून (कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल, म्हणजे एखाद्या कामाला किती सेकंद लागतील याचा अंदाज) केली, कारण तिथे हातात आकडा पडतो. कार्ड, मोरन आणि नेवेल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत कामाचे बारीक तुकडे पाडतात: कळ दाबणं ०.२ सेकंद, माउस नेमक्या जागी नेणं १.१, हात माउसवरून कीबोर्डवर नेणं ०.४, मनाची तयारी १.३५. जन्मतारीख टाइप करायला माझ्या हिशेबाने ४.६५ सेकंद लागत होते. दिवस, महिना आणि वर्षाच्या तीन याद्यांतून निवडायला ११.८५, तेही यादी खाली सरकवायचा वेळ न धरता. बेरीज करताना मजा येते, खोटं कशाला बोलू. पण हे मॉडेल सगळं पाठ असलेल्या, न चुकणाऱ्या माणसाचं आहे, आणि त्याच्या कर्त्यांनी ते लपवलेलंही नाही. माझ्या दोन बटणांमध्ये त्याला काही फरकच दिसेना.

म्हणून त्याला कमी लेखावं असंही नाही. नायनेक्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीतल्या ऑपरेटरांसाठी नवी यंत्रं घ्यायची होती, तेव्हा याच घराण्यातल्या मॉडेलने ती जुन्यापेक्षा हळू पडतील असं सांगितलं आणि प्रत्यक्ष चाचणीत तसंच निघालं. दिवसभर तेच काम करणारे लोक असतील तर सेकंदाचा अंशही मोजावा लागतो. माझा अर्ज माणूस एकदाच भरतो.

अ‍ॅक्ट-आर, म्हणजे माणसाच्या विचारप्रक्रियेचं संगणकावर चालणारं मॉडेल, हे चौघांतलं सगळ्यात भारदस्त. आठवण, नजर, हात असं सगळं त्यात येतं आणि ‘असं दिसलं तर हे कर’ असा एकेक नियम ५० मिलिसेकंदांत चालतो. पण अर्ज भरणाऱ्याला काय ठाऊक आहे हे आधी मीच लिहून द्यायचं. मला तर नेमकं तेच शोधायचं होतं. ते मी लवकर बाजूला ठेवलं.

कॉग्निटिव्ह वॉकथ्रूने, म्हणजे नवख्या माणसाच्या नजरेतून एकेक पायरी तपासायच्या पद्धतीने, मात्र कोंडी फोडली. प्रत्येक पायरीवर चार प्रश्न: योग्य ते करायचं माणसाच्या मनात येईल का? त्याची सोय दिसेल का? ती आपल्या कामाची आहे हे कळेल का? केल्यावर काम पुढे सरकल्याचं समजेल का? ‘जतन करा’ची पायरी चारही प्रश्नांत पास झाली. हिरवी खूण येते, ‘माहिती यशस्वीरीत्या जतन झाली’ असं लिहून येतं. अडलं पुढच्या पायरीला, तेही पहिल्याच प्रश्नावर: हिरवी खूण बघितल्यावर अजून काही करायचं उरलंय हे कुणाच्या मनात येणार?

मग ज्यांचे अर्ज पोहोचले नव्हते त्यांच्यापैकी काही जणांना कागद देऊन विचारलं, बटण दाबल्यावर तुमची माहिती कुठे जाते ते काढून दाखवा. बहुतेकांनी दोनच चौकोन काढले, आपण आणि कार्यालय, मध्ये एक बाण. ‘जतन करा’ दाबल्यावर माहिती नुसती मसुदा म्हणून साठते, तो मधला टप्पा त्यांच्या चित्रात नव्हताच. मेंटल मॉडेल, म्हणजे एखादी गोष्ट कशी चालते याचं माणसाच्या मनातलं चित्र, म्हणतात ते हे. त्यातून आकडा निघत नाही आणि विचारायची पद्धत बदलली की चित्रही बदलतं, म्हणून मी नुसत्या चित्रांवर विसंबले नसते. पण वॉकथ्रू जिथे अडला तिथेच चित्रातला टप्पाही गायब होता.

नव्या रचनेत ‘जतन करा’ काढून टाकलं. मसुदा आपोआप साठतो आणि वर ‘अर्ज अजून पाठवलेला नाही’ अशी पट्टी राहते. शेवटी भरलेली माहिती तपासायचं एक पान वाढवलं. केएलएमच्या हिशेबाने त्या पानामुळे २.६५ सेकंद जास्त लागतात, वाचायचा वेळ वेगळाच. तो आकडाही प्रबंधात दिलाय.