धावणाऱ्या लेकरांना कधी वाढायचं

लातुरात माझ्या खानावळीत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी जेवतात. गावाकडून आईबाप सोयाबीन विकून पैसे पाठवतात आणि लेकरं त्याचा प्रोटीन पावडरचा डबा आणतात, तेव्हा जीव तुटतो माझा. डबा आणायच्या आधी खायची वेळ तर नीट बसवा.

पहाटे 5 ला ग्राउंड. हळूहळू पळायचं असेल तर रिकाम्या पोटीही भागतं. पण 1600 मीटर जीव तोडून मारायचे, पोरींना 800, वर गोळाफेकीचा सराव. त्या दिवशी अर्धा तास आधी एक केळ किंवा दोन-तीन खजूर पोटात पाहिजेतच. केळी आपल्याकडं अर्धापूरची, त्यासाठी लांब जायला नको.

“काकू, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला तर? पौष्टिक असतोय की.”

असतो रे बाळा, पण पळून आल्यावर. शेंगदाण्यात तेल, ते पचायला वेळ घेतं. पळताना पोट जड होतं, मळमळतं. ज्वारीच्या भाकरीचंही तसंच. भाकरीसारखं अन्न नाही, पण तिच्यात चोथा भरपूर, म्हणून पोटभर भाकरी आणि पळणं यात दोन-तीन तास जाऊ द्यावेत. संध्याकाळी 5 ला सराव असणाऱ्यांना मी 1 वाजताच वाढते. 4 ला मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा, बस्स.

पळून आल्यावर मात्र कुणाला तसंच खोलीवर जाऊन झोपू देत नाही. तासाभरात सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, आणि मटकीची उसळ, नाहीतर तीन उकडलेली अंडी. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तीन अंड्यांत 18. वर कपभर दूध घेतलं की पंचवीसच्या घरात गेलं. एवढ्यात दमलेले स्नायू भरून निघतात. अंडी न खाणाऱ्यांना उसळ दुप्पट आणि दही. एप्रिल-मेमध्ये घाम फार जातो, तेव्हा मीठ घातलेलं ताक हवंच.

मैदानी चाचणीच्या दिवशी पहाटेच रांग लागते आणि नंबर कधीकधी ऊन चढल्यावर येतो. म्हणून केळी, गूळ-मुरमुरे आणि पाण्याची बाटली पिशवीत बांधून देते. थोडं थोडं खात राहा, शेवटचा घास पळायच्या अर्ध्या तासाआधी. आणि त्या दिवशी मित्रानं दिलेलं नवं काही तोंडात घालायचं नाही.