आमची वाटचाल : बेळगावातनं सिंधुदुर्गाच्या पाण्यात

मालवणला माणसं न्यायची त्यात काय एवढं, गाडी करायची आणि जायचं, असं आम्हाला सुरुवातीला बऱ्याच जणांनी सांगितलं. रस्ता तर सगळ्यांच्या पाठच आहे, हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, मग कुडाळ आणि मालवण, पहाटे निघालं तर वाटेत नाष्टा करून सकाळीच जेटीवर पोचतोय. पण आमचं खरं काम, म्हणजे होडीतनं सिंधुदुर्ग किल्ला बाहेरनं दाखवायचं, जेटीवरनं पुढं सुरू होतं, आणि तेच लोकांना पटवायला आमची पहिली काही वर्षं गेली.

मी मूळचा बेळगावच्या उद्यमबागेतला, लेथवर काम करायचो, बायको वडगावात शिकवण्या घ्यायची. सुट्टीला गल्लीतली माणसं गोळा करून भाड्याच्या क्रुझरनं कोकणात जायचं ही माझी जुनी हौस. त्या फेऱ्यांत एक गोष्ट सारखी खटकायची. लोक जेटीवर तिकीट काढणार, होडीत बसणार, किल्ल्यात उतरणार, होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात त्यात पळत पळत शिवराजेश्वराचं दर्शन, महाराजांच्या हातापायाचे ठसे, दूधबाव दहीबाव साखरबाव या विहिरी, फोटो, आणि परत. समुद्रातनं किल्ल्याकडं मान वर करून बघायला कुणाला सवडच नाही. आणि हा किल्ला बांधलाय तो समुद्रातनं येणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवूनच की!

दिवाळीत आपल्या बेळगावात गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले करतात, सिंधुदुर्ग तर हमखास असतो, भोवती निळा रंग टाकलेलं पाणी, त्यात कागदाच्या होड्या. तीच पोरं खऱ्या किल्ल्यावर गेली तर समुद्रातनं येणाऱ्याला दरवाजा का दिसत नव्हता हे त्यांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. मग बायको म्हणाली की आपणच सांगू या.

मालवणातल्या एका गाबीत, म्हणजे मासेमारी करणाऱ्या कुटुंबाशी ओळख झाली, त्यांच्या होडी चालवणाऱ्या तांडेल काकांना विचारलं की किल्ल्यात जायच्या आधी माणसांना नुसती बाहेरनं एक चक्कर मारून दाखवता येईल का, पाणी जेवढं जाऊ देईल तेवढीच. ते हो म्हणाले आणि आमची पाऊण तासाची सफर तिथनं चालू झाली. होडी त्यांचीच, सुकाणूही त्यांच्याच हातात, तिथल्या नंबराचा आणि तिकिटाचा जो नियम असेल तो पाळायचा, आम्ही माणसं आणायची आणि माहिती सांगायची, हे पहिल्या दिवसापासनं स्पष्ट ठेवलंय.

सांगतो काय? तर कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला, तीन वर्षांत, म्हणजे १६६७ ला काम पूर्ण, जबाबदारी हिरोजी इंदुलकरांची. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, गणपती, चंद्र, सूर्य कोरलेला, तिथं पूजा करून काम सुरू केलं, तो दाखवूनच आम्ही होडीत चढवतो. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय. ४८ एकराचा परिसर, तट साधारण तीन किलोमीटर, पण तो सरळ नाही, आत बाहेर वळत गेलाय, म्हणजे भिंतीला कुणी भिडला तर शेजारच्या बुरुजावरनं त्याच्यावर मारा करता येतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, होडी तटाला समांतर चालली की पोरं स्वतःच ओरडून सांगायला लागतात. आणि दरवाजा! दोन बुरुजांच्या मध्ये असा लपवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. मी मुद्दाम विचारतो दरवाजा कुठं आहे सांगा, मोठी माणसं पण चुकतात.

भोवतीचे खडक हे तर किल्ल्याचं दुसरं कुंपणच. ओहोटीला ते वर दिसतात, भरतीला बुडतात, आणि वाट ज्याला माहीत तोच नाव आत आणणार. पद्मगड, राजकोट, सर्जेकोट ही जवळची ठाणी पण दाखवतो, एकट्या सिंधुदुर्गावर सगळा भार नव्हता हे तेव्हाच लक्षात येतं.

आमच्याकडं कन्नड बोलणारे पाहुणे पण भरपूर येतात, गोकाक, बैलहोंगल, धारवाडकडचे, त्यांना बायको कन्नडमध्ये सांगते. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणातनं आरमार घेऊन कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या बसरूरला गेले, येताना गोकर्ण, कारवार केलं, हे ऐकलं की ती मंडळी एकदम पुढं सरकून बसतात, आपल्याच किनाऱ्याची गोष्ट म्हणून.

अडचणी म्हणाल तर पावसाळा. जूनपासनं होड्या बंद, तेव्हा आंबोलीच्या धबधब्यांवर आणि कोल्हापूर-पन्हाळ्यावर गाडी चालते, त्यावर घर चालतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेही बंद, मी परत लेथवर उभा राहिलो आणि बायकोनं ऑनलाइन शिकवण्या घेतल्या, पण गाडी विकली नाही. दुसरी अडचण म्हणजे वारा. दुपारनंतर वारा वाढला आणि तांडेल काकांनी नाही म्हणलं की नाही, मग कुणी कितीही म्हणू दे की एवढ्या लांबनं आलाव काय वो, आम्ही होडीचे पैसे परत देतो आणि किनाऱ्यावरनंच माहिती सांगतो. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सुटत नाही, लहान पोराच्या मापाची जॅकेटं आम्ही स्वतः विकत घेतलीत. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात सिंधुदुर्ग आहे, तेव्हापासनं शाळांचे फोन वाढलेत. आनंद आहेच, पण शाळेला आमची एकच विनंती असते, पोरांना एका दिवसात किल्ला, तारकर्ली आणि डॉल्फिन असं सगळं कोंबू नका, किल्ल्याला अर्धा दिवस द्या.

आता विजयदुर्गाची सफर बसवायचं चाललंय, तिथं वाघोटन खाडीतनं किल्ला कसा दिसतो ते बघून आलोय आणि तिथल्या होडीवाल्यांशी बोलणं चालू आहे, मुक्काम धरून दोन दिवसांचं करावं लागेल असं दिसतंय. शाकाहारी जेवणाची सोय नीट झाली की तारखा सांगतो, आमचे निम्मे पाहुणे मासे खात नाहीत.