तुमच्या इन्स्टॉलरने माझं विंडोज उडवलं

नाशिकला शालिमारजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून 'याच्यावर लिनक्स टाकून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकंही येतात. रात्री शटर ओढलं की मी एका छोट्या लिनक्स डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार आवृत्तीच्या) बग ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारींच्या पानावर, बसतो. कोड लिहीत नाही. आलेले रिपोर्ट वाचायचे, अर्धवट असतील तर माहिती मागायची, एकाच जातीचे असतील तर एकत्र करायचे, एवढंच. पैसे मला मिळत नाहीत, तसे कोड लिहिणाऱ्यांनाही मिळत नाहीत. ते दिवसा नोकरी करतात आणि रात्री इन्स्टॉलर (लिनक्स मशीनवर बसवून देणारा प्रोग्रॅम) लिहितात. म्हणजे दिवसा काउंटरवर मराठीत बोलणी खायची आणि रात्री तीच इंग्रजीत वाचायची, असा माझा योग.

सगळ्यात कडू भांडणं इन्स्टॉलरवरच होतात, आणि त्याला कारण आहे. ब्राउझर बंद पडला तर माणूस वैतागतो, पण मशीन चालू असतं. इन्स्टॉलर अडकला की घरातला एकुलता एक लॅपटॉप आडवा होतो. तिकडे डेव्हलपरकडे तो लॅपटॉप नसतो, तो बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) नसतो, ती एसएसडी नसते. त्याला हवा असतो लॉग, म्हणजे इन्स्टॉलरने काय काय केलं याची नोंद. आणि लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून, चालू केलेल्या सिस्टिममध्ये तो लॉग असतो रॅममध्ये. स्क्रीन गोठली की आपण काय करतो? पॉवरचं बटण दाबून धरतो. लॉग गेला. मग मोबाइलवरून तणतणत रिपोर्ट लिहायचा आणि तिकडून पहिलं उत्तर यायचं, 'लॉग जोडा.'

यंदाच्या हंगामाआधी पिंपळगाव बसवंतहून एक द्राक्ष बागायतदार आले, सोबत इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी त्याने वडिलांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ शेजारी लिनक्स टाकायला घेतलं होतं. लॅपटॉपवर पॅकहाऊसची बिलं आणि रेसिड्यूचे (द्राक्षांत उरलेल्या औषधांचे) रिपोर्ट. इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. पोराने रिपोर्ट टाकला (योगायोग असा की तो मी आदल्या रात्रीच वाचला होता): इन्स्टॉलर भंगार आहे, पूर्ण दिवस वाया गेला. मॉडेल नंबर नाही, फोटो नाही. डेव्हलपरने दोन ओळींत उरकलं: आमचा बग नाही, बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, लॉग नसल्यामुळे बंद करतोय.

उत्तर चुकीचं होतं का? नाही. इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायचे खास मोड) चालू ठेवूनच बरेच लॅपटॉप विकले जातात, आणि त्या मोडमध्ये आतली एसएसडी पुष्कळ इन्स्टॉलरना दिसत नाही. ते बंद करून साधा एएचसीआय मोड लावला की दिसते. फक्त, विंडोज त्याच मोडवर बसवलेलं असेल तर सेटिंग बदलल्यावर निळा पडदा येतो, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज परतही येतं, पण हे दोन ओळींत कुठे होतं? पोराने घाबरून बायोसमध्ये दिसेल ते बदललं, सिक्युअर बूट हे सुरक्षेचं सेटिंगसुद्धा. मग बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) उठला आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागला. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. अकाउंट कोणाचं? लॅपटॉप घेतला त्या दुकानातल्या पोऱ्याने तिथल्या तिथे काढून दिलेलं. पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही.

"सर, त्यांनी सांगितलं तेच केलं मी," पोरगा म्हणाला. वडील काही बोलले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत होते. "आप्पा, डेटा कुठे गेला नाही, फक्त कुलूप लागलंय," असं मी सांगितलं, तेव्हा कुठे ते खुर्चीवर टेकले. अकाउंट त्यांच्याच मोबाइल नंबरवर निघालं होतं, म्हणून ओटीपी आला आणि की मिळाली. नंतर मी विंडोज एकदा सेफ मोडमध्ये चालू होईल अशी सोय केली, मग व्हीएमडी बंद केलं, आणि दोन्ही सिस्टिम सुखाने नांदायला लागल्या. त्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ते सेटिंग मुळात दिसतच नव्हतं. मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की उगवतं. पोराने ते यूट्यूबवर शोधून काढलं होतं, त्याबद्दल त्याची पाठ थोपटली. सेटिंग असं दडवून ठेवणाऱ्या कंपनीला मात्र कोणी अवाक्षर बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आता शीर्षकातलं वाक्य. हे मी इतक्यांदा वाचलंय की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. २०२१ मध्ये ग्रब या बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची २.०६ आवृत्ती आली आणि शेजारच्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणावरून मुळातच बंद ठेवला गेला. ज्या डिस्ट्रोंनी तो परत चालू केला नाही, तिथे नवीन इन्स्टॉलनंतर बूट मेनूत विंडोजचं नावच येईना. विंडोज जागच्या जागी, फाइल्स जागच्या जागी, सेटिंगमध्ये एक ओळ घालून मेनू परत बनवला की झालं. पण रिपोर्ट येतो तो 'उडवलं' असा. डोळ्यांना काय दिसलं ते कोणी लिहीत नाही, स्वतः काढलेला निष्कर्ष लिहितात. आणि डेव्हलपर त्या निष्कर्षावर चिडतो. 'आम्ही काही उडवलेलं नाही' हे त्याचं उत्तर खरं असतं, पण समोरच्याला मेनू कसा आणायचा हे त्यात नसतं.

डेव्हलपरांनी कातडी जाड का करून घेतली, तेही मला दिसतं. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण घ्या. २०२२ मध्ये तो जवळजवळ एकट्याने सांभाळणाऱ्या माणसामागे 'पॅच (दुरुस्तीचा कोड) कधी घेणार, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या' असा तगादा लागला होता. हे बिनपगारी छंदाचं काम आहे, मानसिक तब्येतही बरी नाही, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी मदतीला आलेल्याच्या हाती बऱ्याच किल्ल्या गेल्या, आणि मार्च २०२४ मध्ये त्यानेच घुसवलेला बॅकडोर, म्हणजे चोरदरवाजा, सापडला. तगादा लावणारी खातीही बनावट होती असा दाट संशय आहे. त्यानंतर कोणी 'लवकर करा' म्हटलं की माणूस दचकणारच.

तरी लोकांची तक्रार धसाला लागतच नाही असंही नाही. डेबियन या डिस्ट्रोचा इन्स्टॉलर वायफायचं फर्मवेअर (वायफायच्या चिपला लागणारा प्रोग्रॅम) मागायचा, ते मुक्त (खुल्या कोडचं) नाही म्हणून अधिकृत इमेजमध्ये (डाउनलोड करायच्या इन्स्टॉल फाइलमध्ये) नसायचं, आणि डाउनलोड करावं तर वायफाय नाही. वर्षानुवर्षं तेच रडगाणं. अखेर २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इमेजमध्येच येऊ लागलं. शिव्यांनी ते झालं असं मला वाटत नाही. इन्स्टॉलरच्या इमेज स्वतः बनवणाऱ्यांनाच तो त्रास पटला होता.

मला विचाराल तर इन्स्टॉलरचा रिपोर्ट घरच्या माणसाकडून मागूच नये. तो आम्ही दुकानदारांनी लिहावा. आमच्या हातात मशीन असतं, दुसरा पेनड्राइव्ह असतो, आणि पॉवर बटण दाबायच्या आधी लॉग त्यावर उतरवायची अक्कल असते. एमजी रोडपासून नाशिक रोडपर्यंत इतके दुरुस्तीवाले बसलेत, पण एकदा अडचण सुटली की पैसे घेऊन मोकळे. कोणत्या मॉडेलवर काय झालं हे त्यांच्या डोक्यातच राहतं. दोघा-तिघांना मी सांगून पाहिलं. "त्याचे किती मिळतात?" हा पहिला प्रश्न. त्यांचंही चूक नाही, दुकानाचं भाडं कोण भरणार?

पिंपळगावच्या लॅपटॉपचं मी सगळं नीट लिहून तो बग परत उघडायला लावला. मॉडेल, बायोसची आवृत्ती, लॉग, स्क्रीनचे फोटो. मागणी एवढीच की डिस्क दिसत नसेल तर इन्स्टॉलरने कारण सांगावं, आणि सेटिंग बदलण्याआधी बिटलॉकरची की काढून ठेवा, हे ठळक लिहावं. डेव्हलपरला पटलं. त्याने नवीन इमेज बनवून 'त्याच मशीनवर तपासून सांगा' असं लिहिलं. मी पिंपळगावला फोन केला, तर आप्पा म्हणाले, "माल निघेपर्यंत लॅपटॉपला हात लावू देणार नाही." तोवर ट्रॅकरच्या बॉटने 'माहितीची प्रतीक्षा' असा शिक्का मारलाय, आणि दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर तो बग आपोआप बंद करतो. म्हणून अधूनमधून मीच तिथे जाऊन लिहून येतो: मशीन शेतकऱ्याकडे आहे, द्राक्षं अजून झाडावर आहेत, कृपया बंद करू नये.