ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचा तेलबदल: तीन पेट्या झाल्या, गिअरबॉक्स बाकी

गाडीचे ९२,००० किलोमीटर पूर्ण झाल्यावर गिअर ऑइल बदलण्याचे काम हाती घेतले. इंजिन आडवे, मॅन्युअल गिअरबॉक्सला चिकटलेली ट्रान्स्फर केस (इंजिनाचा जोर मागेही वळवणारी पेटी) आणि मागे डिफरन्शियलच्या (दोन मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी, गरजेनुसार तो जोर जोडणारे, विजेवर नियंत्रित होणारे क्लच कपलिंग, अशी माझ्या गाडीची रचना आहे. म्हणजे तेल भरलेल्या पेट्या चार, आणि प्रत्येकीची मागणी वेगळी.

तेल निवडताना बाटलीवरचा ७५डब्ल्यू-९० हा आकडा जुळला की आपण निश्चिंत होतो. पण तो आकडा केवळ दाटपणा सांगतो. (गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी असल्यामुळे हे ‘९०’ प्रत्यक्षात ४० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते.) खरा प्रश्न जीएल-४ की जीएल-५ (गिअरवरचा दाब तेल किती सोसते यावरून ठरलेल्या प्रती) हा आहे. डिफरन्शियलच्या हायपॉइड (अक्ष एकमेकांना न छेदणाऱ्या) गिअरचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर जोराने घासत सरकतात, म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसयुक्त घटक भरपूर असलेले जीएल-५ लागते. गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) रिंगांना मात्र पकड घेण्यासाठी थोडे घर्षण हवेच असते, आणि त्या घटकांचा अतिरेक पितळेलाही मानवत नाही. कपलिंगमध्ये तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा असतात. तिथे त्या कपलिंगसाठीच नेमून दिलेले तेल सोडून दुसरे काहीही घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात मागच्या डिफरन्शियलपासून केली. जुने तेल सोडण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो की नाही हे पाहणे हा नियम मी कधीच मोडत नाही, कारण तो अडकला तर रिकामी पेटी घेऊन गाडी जागची हलवता येत नाही. या वेळी तो खरोखरच अडकला होता. षटकोनी खाचेत चिखल दगडासारखा घट्ट बसला होता; तो टोकदार सळईने कोरून काढला, १० मिलिमीटरची ॲलन की हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवली, तेव्हा कुठे प्लग ‘टक्’ असा आवाज करून सैल झाला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. तो बोटांच्या चिमटीत चोळून पाहिला. एकही कण टोचला नाही, म्हणजे झीज नेहमीचीच. टोचणारे तुकडे निघाले असते, तर नवे तेल घालण्यात अर्थ नव्हता.

चूक भरताना झाली. मी फक्त मागची बाजू उचलली होती आणि प्लगचे भोक पेटीच्या मागच्या अंगाला असल्यामुळे तेल पुढे कलून जास्तीचे मावले. चारही चाकांखाली सारख्या उंचीचे आधार देऊन प्लग पुन्हा उघडला, तेव्हा सुमारे १५० मिलिलिटर तेल बाहेर आले. ते तसेच राहिले असते तर फेस होऊन पेटीतली हवा बाहेर सोडणाऱ्या श्वासनळीतून किंवा सीलमधून गळले असते.

कपलिंगचे तेल बदलताना, क्लच प्लेटा दाबण्यासाठी तेल ढकलणारा पंप उतरवणे बहुतेकजण टाळतात, आणि माझ्या मते निम्मे काम तिथेच वाया जाते. माझ्या पंपाची जाळी क्लचच्या काळ्या भुकटीने इतकी भरली होती की तिच्यातून उजेडही दिसत नव्हता. अशा जाळीतून तेल ओढताना पंपाच्या मोटरवर ताण येतो आणि मागच्या चाकांकडे जोर पोहोचायला उशीर होतो. जाळी धुतल्यावर ओल्या चढावर निघताना पुढच्या चाकांचे घसरणे कमी झाले, मात्र श्रेय जाळीला द्यावे की नव्या तेलाला, हे सांगणे कठीण आहे.

ट्रान्स्फर केस एक्झॉस्टच्या अगदी शेजारी असते आणि तिच्यात तेल जेमतेम अर्धा लिटर मावते, त्यामुळे ते लवकर भाजून निघते. माझे काळे आणि जळक्या वासाचे होते. हिला ड्रेन प्लगच नाही; भरण्याच्या भोकातून नळी घालून सिरिंजने तेल ओढावे लागले आणि तळाशी थोडे राहिलेच. म्हणून ५०० किलोमीटरनंतर तेच काम पुन्हा करणार आहे.

गिअरबॉक्स तोपर्यंत थांबेल. पुस्तिकेत जीएल-४ स्पष्ट लिहिले आहे आणि माझ्याकडच्या बाटलीवर जीएल-४ व जीएल-५ दोन्ही छापलेले आहे. केवळ जीएल-४ असलेले तेल आणि प्लगचे नवे तांब्याचे वॉशर हाती आले की दोन्ही कामे एकाच दिवशी उरकेन.