मिलचा मेल पत्ता फुटतो कुठून?

लातूरच्या एमआयडीसीत आमची तुरीची डाळ मिल आहे. भावाकडे मशिनरी आणि खरेदी, माझ्याकडे कागदपत्रं आणि मेल. ऐन आवकेच्या दिवसांत एखाद्या पार्टीचं सौद्याचं पत्र शोधायला आधी स्वस्त कर्जं, वजन कमी करायच्या गोळ्या आणि परदेशातल्या बनावट 'परचेस ऑर्डरी' उपसाव्या लागायला लागल्या. भाऊ म्हणाला, "नवा मेल काढ की. कशाला डोकं लावायलीस?" नवा काढणं सोपंच होतं, पण जुना फुटला कुठून हे कळल्याशिवाय नव्याचीही तीच गत होणार.

म्हणून आपलाच पत्ता अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधला. पहिल्याच फटक्यात एका व्यापारी मंडळाची सदस्ययादी सापडली. पीडीएफ, सगळ्यांसाठी खुली. फर्मचं नाव, मालक, मोबाइल, मेल, ओळीनं सगळं. अशी पानं माणूस वाचत बसत नाही. पत्ते गोळा करणारे प्रोग्राम पानापानांवरून फिरतात आणि मधे @ असलेला मजकूर दिसला की उचलतात. आमच्या स्वतःच्या साइटवरही तेच होतं. वर नुसतं 'संपर्क' असं बटण, पण ते दाबल्यावर मेल उघडावा म्हणून पानाच्या कोडात अख्खा पत्ता लिहिलेला. तिथे आता चौकशीचा फॉर्म टाकलाय.

दुसरी वाट डेटा चोरीची. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं 2013 मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट सुरू केली. आपला पत्ता कुठल्या उघड झालेल्या चोरीत सापडलाय का, ते ती फुकट सांगते. आमचा सापडला. ज्या साइटचं नाव निघालं तिथला पासवर्ड त्याच दिवशी बदलला.

खरी मजा पुढे आली. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह आणि कुठलाही शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच येतो. म्हणजे कुठल्या शब्दावर कचरा आला, यावरून पत्ता कुणी फोडला ते कळतं. मग मी बारदानावाल्याला '+बारदाना' (अर्थात इंग्रजी अक्षरांत), ट्रान्सपोर्टवाल्याला '+ट्रक' आणि एका मशिनरी प्रदर्शनाच्या नोंदणीत '+स्टॉल' असं लिहून दिलं. काही फॉर्म हे चिन्ह घेतच नाहीत, आणि हुशार स्पॅमवाला पुढचा शब्द छाटूनही टाकतो. पण बहुतेकांना तेवढी फुरसत नसते. प्रदर्शन उरकलं आणि '+स्टॉल'वर सोलर पॅनेल, विमा, मग क्रिप्टो! आयोजकांना फोन लावला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, लिस्ट स्पॉन्सरला द्यावीच लागते." नोंदणीच्या फॉर्मवर तसं एक अक्षर नव्हतं. बारदानावाला मात्र आजवर स्वच्छ निघालाय, हे सांगायलाच हवं.

बाकीची कामं झटपट झाली. बँक आणि जीएसटीसाठी वेगळा पत्ता काढला, जो कार्डावर, बोर्डावर, कुठल्याच फॉर्मवर जात नाही. जीएसटी पोर्टलवर मेल बदलणं ही नॉन-कोअर, म्हणजे किरकोळ दुरुस्ती आहे. ओटीपी टाकला की होते, ऑफिसात खेटे घालावे लागत नाहीत. जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवू नकोस असं करून ठेवलं. स्पॅमवाल्यांच्या मेलात बऱ्याचदा डोळ्याला न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र असतं. ते लोड झालं की मेल उघडला गेला, पत्ता चालू आहे, हे पाठवणाऱ्याला कळतं. 'अनसबस्क्राइब'चंही तसंच: ओळखीच्या कंपनीचं असेल तरच दाबायचं, अनोळखी मेल सरळ स्पॅममध्ये.

मंडळानं, बऱ्याच पाठपुराव्यानंतर, ती पीडीएफ काढली. आधीच उचललेला पत्ता काही परत येत नाही, त्यामुळे जुन्या मेलवर कचरा चालूच आहे. तो पत्ता आता फक्त चौकशीसाठी ठेवलाय. 'आमचा खाते नंबर बदलला, पेमेंट इकडे टाका' असा मेल आला, मग तो कितीही ओळखीच्या पार्टीच्या नावानं असो, भाऊ आधी त्यांना जुन्या नंबरवर फोन लावतो, मगच आरटीजीएस.