आईचे कान

बाळंतपणानंतर काय काय बदलतं हे सांगायला सगळे टपलेलेच असतात. केस गळतील, कंबर धरेल, झोपेची तर आशाच सोड. ऐकून ऐकून हे पाठ होतं. कानांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, आणि खरी नोकरी लागते ती त्यांनाच. दिवसपाळी, रात्रपाळी, सुट्टीचं नाव नाही, निवृत्तीचं वय ठरलेलं नाही.

सुरुवात श्वासापासून होते. दिवसभर घर डोक्यावर घेतलेलं बाळ एकदाचं झोपतं, आपण पाठ टेकतो आणि तेवढ्यात लक्षात येतं की पाळण्यातून काहीच ऐकू येत नाहीये. उठायचं, वाकायचं, नाकापुढे बोट धरायचं. अंधारात छातीची हालचाल दिसते की नाही ते डोळे फाडून बघायचं. तान्ह्या बाळाचा श्वास आपल्यासारखा एका लयीत चालत नाही हे तोवर कुणी सांगितलेलं नसतं. मिनिटाला 40 ते 60 वेळा तो होतो. मध्येच भराभर, मग संथ, आणि कधी कधी पाच-दहा सेकंद चक्क थांबतो, मग पुन्हा सुरू. बाळ निळसर पडलं किंवा थांबणं लांबलं तर तडक दवाखाना गाठायचा, पण एरवी डॉक्टरांच्या लेखी यात विशेष काही नाही. विशेष काही नाही हे दिवसा पटतं. रात्री तीन वाजता ते दहा सेकंद मोजणाऱ्या बाईला विचारा. शेवटी न राहवून आपण पायाच्या तळव्याला जरासं बोट लावतो, बाळ दचकतं आणि टाहो फोडतं. चला, श्वास चालू आहे! आता तासभर मांडीवर घेऊन बसा.

मग येतं रडणं. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, पोटात दुखल्याचं वेगळं, आणि आईला ते बरोब्बर कळतं, असं म्हणतात. मला कधीच कळलं नाही. मी घड्याळाकडे बघून ओळखायची आणि लोक कौतुकाने म्हणायचे, ‘आईला कळतंच हो!’ मी तो मान निमूटपणे घेत असे. रडण्यावरून कळतं ते एवढंच की मामला किती तातडीचा आहे. कारण ज्याचं त्याने शोधायचं, लंगोटापासून सुरुवात करून.

याच काळात एक गोष्ट वेळेवर कानावर पडली असती तर फार बरं झालं असतं. बेरी ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने आयांना बाळांच्या रडण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या आणि 1962 मध्ये त्या छापल्या. धडधाकट, पोट भरलेली बाळंसुद्धा पहिले काही आठवडे वाढत वाढत रडतात, साधारण सहाव्या आठवड्यात हे रडणं टिपेला पोचतं, तेव्हा ते दिवसाला पावणेतीन तासांच्या घरात असतं, आणि मग आपोआप उतरत जातं. संध्याकाळी जास्त, हेही त्यात आहे. म्हणजे ज्या आठवड्यात आई थकून कोलमडायला आलेली असते नेमक्या त्याच आठवड्यात बाळाचा आवाज सर्वांत मोठा. डॉक्टर तपासून ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ म्हणतात तेव्हा हायसं वाटायला हवं. प्रत्यक्षात राग येतो. काही नाही तर मग हा गोंधळ कशाचा? आणि त्यात भेटायला आलेलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘का गं रडतंय एवढं?’ जणू कारण मला ठाऊक आहे आणि मी ते दडवून ठेवलंय.

रडणं काळजाला जाऊन भिडतं म्हणतात, पण ते आधी कानाला भिडतं. माणसाचा कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि बाळाच्या कर्कश रडण्यातला बराचसा जोर त्याच पट्ट्यात जाऊन पोचतो. अंगावर पाजणाऱ्या बाईचं तर शरीरच परस्पर उत्तर देऊन मोकळं होतं. रडणं कानावर आलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पान्हा फुटतो, बाळ आपलं असो वा नसो. भर बैठकीत, दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनमधून आलेल्या रडण्याने ओढणी सावरत बसायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

बाबा लोकांना मात्र हे ऐकू येत नाही, अशी एक ठाम समजूत आहे. आमच्याकडेही ती होती. एक जण तारस्वरात रडतंय, शेजारी एक जण तारस्वरात घोरतोय आणि दोघांच्या मध्ये मी. पण मी परगावी गेले की तोच माणूस पहिल्या हुंदक्याला ताडकन उठून बसतो, हेही मला माहीत आहे. 2014 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी पहिल्यांदाच पालक झालेल्यांचे मेंदू तपासले. ज्या बाबांवर बाळाची मुख्य जबाबदारी होती त्यांच्या मेंदूतलं धोक्याची चाहूल घेणारं केंद्र आयांसारखंच जोरात काम करत होतं. तेव्हा ‘आईचं मन’ वगैरे ठीक आहे, पण ज्याला उठायचंच आहे त्याला ऐकू येतं, असा माझा रोखठोक हिशेब आहे. घरात कुणी ‘तुलाच बरं ऐकू येतं’ म्हणालं की मी ते कौतुक म्हणून घेणं केव्हाच बंद केलंय.

मूल चालायला लागलं की कानांचं काम उलटं होतं. इतके दिवस आवाजाची धास्ती, आता आवाज बंद झाल्याची. पलीकडच्या खोलीत धडाधड काही पडतंय, काही आपटतंय, तोवर खुशाल आपलं काम करावं. आवाज थांबला की हातातलं टाकून पळावं. एकदा अशाच एका सुंदर शांततेच्या मागावर गेले तर धाकटी टेबलाखाली मांडी ठोकून बसलेली. टूथपेस्टची नवी ट्यूब शेपटापर्यंत पिळून झालेली. बाहुलीचे केस त्या पांढऱ्या लगद्याने डोक्याला चापून बसवलेले, कंगवा त्यातच अडकलेला, आणि हिची जीभ कामाच्या नादात ओठाबाहेर. माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘हळू बोल. हिला ताप आलाय.’ मी हळू बोलले. ओरडायचं ठरवून आलेल्या माणसाला कुजबुजावं लागणं, याइतकी पंचाईत नाही. फरशी पुसताना मात्र जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं.

आणि ‘आई’ ही हाक. तिच्याबद्दल इतकं गोड गोड लिहिलं गेलंय की त्यात भर घालायची माझी हिंमत नाही. मी ती न्हाणीघराच्या दाराबाहेरून ऐकली आहे. बाबा समोर बसलेले असताना, त्यांना ओलांडून, बंद दारापाशी येऊन, ‘आई, बाबांना विचार ना फॅन लावू का.’

मुलांना आपलं ऐकू येत नाही अशी आपली तक्रार असते. आवर, दात घास, दप्तर भर. भिंतीला सांगितलं असतं तर तिने आवरलं असतं. पण मोबाईलचं लॉक उघडल्याची बारीकशी टिक दोन खोल्या ओलांडून पोचते. आणि ‘त्यांच्यासमोर नको’ म्हणून आपण खालच्या आवाजात बोललेलं वाक्य तर चार दिवसांनी पाहुण्यांसमोर जसंच्या तसं हजर होतं. पुढे तो ताप उतरला तेव्हा धाकटी त्याच बाहुलीला कंबरेवर हात ठेवून विचारत होती, ‘किती वेळा सांगायचं तुला? माझ्या डोक्याला ताप नुसता!’ स्वर माझा, शेवटचा उसासाही माझा. दाराआड उभी राहून मी तोंडावर हात दाबून हसत होते आणि त्याच वेळी कान लालही झाले होते.

खरं तर त्यांचं ऐकणं आपल्याआधी सुरू झालेलं असतं. पोटात असतानाच, शेवटच्या तीनेक महिन्यांत, बाळ आईचा आवाज ऐकत असतं. 1980 मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोघांनी जेमतेम तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि कानाला हेडफोन लावले. एका लयीत चोखलं तर आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा. ती एवढीशी बाळं आईचा आवाज लागावा म्हणून चोखण्याची लय बदलत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठा तेराचा होता आणि त्याला जेवायला मारलेली माझी हाक नुकतीच वाया गेली होती.

तेराचंही संशोधन आहे म्हणा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2022 मध्ये ते प्रसिद्ध केलं. लहान मुलांच्या मेंदूतलं आनंदाचं केंद्र आईच्या आवाजाने उजळतं, आणि तेराच्या सुमाराला ते परक्या आवाजांनी जास्त उजळायला लागतं. मूल बाहेरच्या जगाकडे वळतंय, वळायलाच हवं, अशी त्याची कारणमीमांसा आहे आणि ती मला पटतेही. गंमत म्हणजे आईचा आवाज ती मुलं तेव्हाही अचूक ओळखतात. म्हणजे ऐकू येतं! एवढी एक गोष्ट शास्त्राने माझ्या बाजूने सिद्ध केली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

माझ्या कानांना मात्र तेराव्या वर्षी कुणी मोकळं केलं नाही. मोठ्याची जिन्यावरची पावलं मला ओळखू येतात. बूट दारात एकापाठोपाठ पडले तर दिवस बरा गेलाय. एक पडून दुसऱ्याला वेळ लागला तर काहीतरी बिनसलंय, आता विचारायचं नाही, तासाभराने सहज म्हणून खोलीत जायचं. त्याच्या दाराशी मी मुद्दाम चपला वाजवत जाते, आलेय हे कळावं म्हणून. आतून काही उत्तर येत नाही.

परवा आतूनच आवाज आला, ‘आई, माझा निळा शर्ट?’ बंद दार, पलीकडे वॉशिंग मशीन गरगरतंय, धाकटीचं पाढे म्हणणं चालू, तरी मला स्वच्छ ऐकू आलं. म्हटलं, ‘कपाटात, खालच्या कप्प्यात, उजवीकडे.’ उत्तर नाही. पुन्हा, जरा मोठ्याने, ‘उजवीकडे!’ मग ‘आई, सापडत नाहीये!’ हात पुसत गेले, दार ढकललं, खालच्या कप्प्यातून शर्ट काढून त्याच्या मांडीवर टाकला. त्याने एका कानावरचा हेडफोन जरासा सरकवला आणि विचारलं, ‘तू कधी आलीस?’